नववीच्या मुलांसाठी साथरोगशास्त्राचा प्रकल्प: तक्त्यापलीकडे काय करता येईल?

तापीकाठचा_मास्तर

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातली शाळा, नववीचा वर्ग, पट 42. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच थर्माकोलचा डास आणि शेजारी ‘लक्षणे व उपाय’. यंदा साथीचा माग कसा काढतात हे मुलांनी स्वतः करून बघावं आणि मग तेच सातवीला शिकवावं, असं डोक्यात आहे. हाताशी ऑगस्ट-सप्टेंबरचे सहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका आणि साधी प्रयोगशाळा. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, घरोघरी ते साठवून ठेवतात आणि त्यात डास होतात, म्हणून विषय डेंग्यूचाच ठेवावा म्हणतो. सुरुवात कुठून करू?

धुण्याचा_सोडा

सर, पहिल्याच आठवड्यात पोरांना गल्लीत सोडू नका. आधी वर्गात ग्लासांचा खेळ घ्या.

42 पारदर्शक ग्लास, प्रत्येकात 100 मिली पाणी. एकाच ग्लासात अर्धा चमचा धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा आणि ग्लासांची जागा बदलून टाका. खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ग्लासातलं 10 मिली पाणी नंबर घातलेल्या बाटलीत काढून ठेवा, ते शेवटी लागणार आहे. मग तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत नवा जोडीदार, दोघांचं पाणी एकत्र ओतायचं, निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं आणि जोडीदाराचा नंबर वहीत लिहायचा. तिसऱ्या फेरीनंतर प्रत्येक ग्लासात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. गुलाबी झाला तो बाधित. जास्तीत जास्त 8 निघतील. दोन बाधित एकमेकांनाच भेटले तर कमी.

बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात सोडा पडला की पांढरट गढूळ होतं आणि ‘रोगी’ ग्लास लांबूनच ओळखू येतो. जारचं पाणी घ्या. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याने गुलाबी रंग इतका फिका येतो की पोरांची भांडणं होतात. आणि पाणी कोणी पिणार नाही, डोळ्याला हात लावणार नाही, हे आधीच बजावा.

खरा तास पुढेच आहे. वहीतल्या नंबरांवरून पहिला रोगी शोधायला सांगा. मुलं दोन नावांपर्यंत येतात आणि अडतात. अडणारच! पहिल्या फेरीनंतर ते दोघेही सारखेच बाधित झालेले असतात, नोंदीवरून त्यांच्यात फरक करताच येत नाही. तिथे बाजूला ठेवलेल्या बाटल्या काढा आणि त्यांत थेंब टाका. जुना नमुना जपून का ठेवतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भागिले_शंभर

वरच्या खेळाला दुजोरा. पण खेळाने फैलाव कळतो, कारण शोधणं कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या आठवड्यात एक कागदी साथ द्या. आकडे काल्पनिक आहेत, तसं मुलांनाही सांगा.

साखरपुड्याची पंगत, जेवायला 60 माणसं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बासुंदी. दोन ते चार तासांत 35 जणांना उलट्या. बासुंदी खाल्लेले 44, त्यांतले आजारी 33. न खाल्लेले 16, आजारी 2. भाजी खाल्लेले 50, आजारी 30. न खाल्लेले 10, आजारी 5.

मुलं हमखास म्हणतील, ‘आजाऱ्यांपैकी 30 जणांनी भाजी खाल्ली होती, म्हणजे भाजीच.’ इथे थांबवा आणि न खाल्लेल्यांचं काय झालं ते विचारा. बासुंदी: 75 टक्के विरुद्ध 12.5 टक्के, म्हणजे सहापट. भाजी: 60 विरुद्ध 50, जेमतेम 1.2 पट. छेदाशिवाय नुसता रुग्णांचा आकडा मुका असतो. प्रकल्पातून मुलांनी एवढं जरी उचललं तरी भरून पावलं.

ते दोन, बासुंदी न खाता आजारी पडलेले, पुसून टाकू देऊ नका. आठवणीत चूक असेल, बासुंदी वाढायचा डाव दुसऱ्या भांड्यात गेला असेल, दुसरंच काही दुखणं असेल. कारणं मुलांनाच काढू द्या. लवकर सुरू झालेल्या उलट्यांवरून स्टॅफिलोकोकस या जीवाणूच्या विषाचा संशय घ्यायचा. बासुंदी पुन्हा उकळली तरी ते विष जात नाही, ही माहिती घरोघरी पोचली तर बरंच.

जमल्यास 1854 ची लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरची कॉलऱ्याची साथही घ्या. डॉक्टर जॉन स्नोचा संशय तिथल्या पाण्याच्या पंपावर होता, पण त्याने फक्त मृत्यू मोजले नाहीत. शेजारच्या बिअर बनवण्याच्या कारखान्यातले कामगार का वाचले हेही पाहिलं. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती, हे लपवू नका. हुशार पोरं त्यावरच वाद घालतात.

सातपुडा_पाहणी

आता गल्लीतलं. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कल्पना, हे आधी. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना दार उघडतं.

50 घरं पुरेत. गावात 300 घरं असतील तर दर सहावं, पहिलं घर 1 ते 6 च्या चिठ्ठीने. मैत्रिणीचं घर आहे म्हणून आत, कुत्रं आहे म्हणून पुढे, असं केलं की संपला सर्व्हे. कपाशीच्या निंदणीच्या दिवसांत मजुरांची घरं दिवसभर कुलूपबंद असतात. संध्याकाळी एकदा परत जा, तरी बंद असेल तर ‘बंद’ लिहा. शेजारचं घर बदली म्हणून घ्यायचं नाही, नाहीतर शेतावर जाणारी घरं यादीतून आपोआप गळतात.

प्रत्येक घरातलं पाण्याचं प्रत्येक भांडं मोजा: पिंप, रांजण, टाकी, फ्रिजमागचा ट्रे, टायर, कुंडीखालची ताटली. कूलर विसरू नका. उन्हाळा संपला की तो गच्चीवर नाहीतर मागच्या ओट्यावर ढकलतात, तळाच्या टाकीत पावसाचं पाणी साठतं आणि तिकडे कोणी फिरकत नाही. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, म्हणून झाकण हळू काढा, बॅटरी तिरकी धरा, मिनिटभर थांबा आणि मग पळीने पाणी पांढऱ्या ताटलीत घ्या. पृष्ठभागाला समांतर पडून राहते ती ॲनोफिलिस (मलेरियाचा डास). डोकं खाली करून तिरकी लटकते ती एडिस (डेंग्यूचा डास) किंवा क्युलेक्स (आणखी एक डास); एडिसची श्वासनळी आखूड आणि जाड. खात्री नसेल तर ‘अळी आहे’ एवढंच लिहा.

हिशोब असा: 50 घरांपैकी 8 घरांत अळ्या, तर घर निर्देशांक 16. 240 भांड्यांपैकी 12 मध्ये, तर भांडे निर्देशांक 5. दर 100 घरांमागे अळ्यांची भांडी 24, हा ब्रेटो निर्देशांक. मग झाकलेली आणि उघडी भांडी वेगळी करून पंगतीसारखाच तक्ता मांडा. ‘पानी कव्हय उनं व्हतं?’ (पाणी कधी आलं होतं?) हेही विचारा, अहिराणीतच. उत्तर मोकळं येतं.

अळ्यांचं पाणी गटारीत नाही, कोरड्या मातीवर ओता, आणि तेही घरच्यांना विचारून. चार दिवसांचं पाणी असतं ते. झाकून वापरायचं पाणी असेल तर कापडातून गाळून घ्यायला सांगा. रिकामं भांडं आतून घासलंच पाहिजे. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

तापीकाठचा_मास्तर

झकास. त्याच घरांत ‘गेल्या महिन्यात ताप आला होता का’ हेही विचारून घेतलं तर? अळ्या आणि ताप यांचा संबंध लगेच दिसेल.

भागिले_शंभर

दिसणार नाही, आणि दिसला तरी विश्वास ठेवू नका. ताप म्हणजे डेंग्यूच असं नाही. एडिस दिवसा चावतो, तेव्हा माणूस शाळेत किंवा शेतात असतो. 50 घरांत संख्याही फार कमी. शिवाय आज दिसणारी अळी गेल्या महिन्यातल्या तापाला कारण कशी ठरेल?

सातपुडा_पाहणी

मी इतका कडक नाही. विचारा, पण ‘गेल्या महिन्यात’ नको, ‘कानबाई उठल्यापासून’ (श्रावणातला आपला खानदेशी सण) असं विचारा. तारीख कोणाला आठवत नाही, त्या सणाचे रोट आठवतात. उत्तर आठवणीचा सराव म्हणून वापरा, निष्कर्षाला नको. नावं, रक्ताचे रिपोर्ट, क्षयरोग, सिकलसेल यातलं काहीही विचारायचं नाही. वहीत घराला फक्त क्रमांक, आणि यादी शाळेच्या कपाटात.

धुण्याचा_सोडा

सातवीला शिकवताना भाषण नको. नववीच्या चौघांच्या गटाने पंगतीचा तक्ता द्यावा, पण ‘न खाल्लेले’ हा रकाना झाकून. सातवीची मुलं भाजीवर आळ घेतील. मग रकाना उघडायचा. आणि ग्लासांसाठी फिनॉल्फ्थॅलिन संपलं असेल तर हळदीचं पाणीही चालतं, लालसर होतं. फक्त सोडा पूर्ण चमचा घ्या, रंग ओळखायला सोपा जातो.