गुरू आपला राखणदार? मला नाही पटत

गोदाकाठ
२००३, २०१५, आता २०२७. गुरू सिंह राशीत आला की आपल्या गावाला सिंहस्थ, हा हिशेब नाशिककराला पाठ असतो. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण परवा भाचीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता बघितला: 'गुरू धूमकेतूंना गिळतो म्हणून पृथ्वी सुरक्षित आहे.' हे मात्र खटकलं.

गुरू गिळतो थोडे, वळवतो फार. ६७पी हा धूमकेतू घ्या, ज्यावर २०१४ साली फिले यान उतरलं. १९५९ पर्यंत तो सूर्यापासून साधारण २.७ खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) आत येत नव्हता. त्या वर्षी गुरूजवळून गेला आणि १.३ पर्यंत यायला लागला. वाइल्ड-२ या धूमकेतूची सूर्याभोवतीची एक फेरी ४० वर्षांहून मोठी होती. १९७४ मध्ये गुरूनं ती सहा-साडेसहा वर्षांवर आणली. अशा वीस वर्षांच्या आत फिरणाऱ्या धूमकेतूंच्या सगळ्या कुळालाच गुरूचं नाव आहे. यांना आपल्या अंगणात आणून सोडलं कुणी?

सातपूर सेकंड शिफ्ट
काका, दोन नावं सांगून राखणदारालाच चोर ठरवलंत! शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू विसरलात काय? जुलै १९९४. वीसेक तुकडे आठवडाभर एकामागून एक गुरूवर आदळले. पृथ्वीएवढे काळे डाग पडले, साध्या दुर्बिणीतूनही दिसत होते. त्यातला एक जरी इकडे आला असता तर हा धागा काढायला तुम्ही नसता आणि वाचायला मी नसतो. ३१८ पृथ्व्यांचं वजन उगाच नाही दिलेलं त्याला.

गोदाकाठ
भाऊ, तो इकडे येतच नव्हता. गुरूनं त्याला आधीच पकडून कित्येक वर्षं स्वतःभोवती फिरवला होता. १९९२ मध्ये फार जवळून गेला, तुकडे झाले, दोन वर्षांनी आपटला. शेजाऱ्यानं बांधून ठेवलेला बैल शेजाऱ्याच्याच कुडात घुसला, यात माझ्या घराची राखण कुठे झाली?

दिंडोरीकर
बैलावरून आठवलं. आमच्या द्राक्षबागेत मण्यात पाणी उतरलं की पाखरं हाकायला गडी गोफण घेऊन उभा असतो. राखणदारच तो. पण मागच्या हंगामात त्याच्याच गोफणीचा दगड ट्रॅक्टरच्या हेडलाइटवर बसला. काच गोळा करताना गडी म्हणतो, "ताई, दगड पाखरावरच मारला होता."

गुरूचं थोडंफार असंच. धूमकेतू पुढे सरकणाऱ्या गुरूच्या मागच्या बाजूनं गेला तर गुरू त्याला स्वतःच्या वेगातला वाटा देतो, पुढच्या बाजूनं गेला तर वेग काढून घेतो. वेग मिळालेला बाहेरच्या बाजूला, कधी सूर्यमालेच्याच पलीकडे जातो. वेग गेलेला आत, सूर्याकडे पडतो. एकाच हाताची दोन्ही कामं. गड्याच्या मनात निदान पाखरू तरी असतं, गुरूच्या मनात तेही नाही.

निवृत्त मास्तर
ताईंनी नेमकं सांगितलं. लेक्सेलचा धूमकेतू या सगळ्याचा आद्य नमुना. जून १७७० मध्ये मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला दिसला, १ जुलैला पृथ्वीपासून साधारण २२ लाख किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या सहापट अंतर. लेक्सेल या गणितज्ञानं त्याची कक्षा मांडली तर फेरी निघाली साडेपाच वर्षांची. मग हा आधी कधीच कसा दिसला नाही? कारण १७६७ मध्ये गुरूनं त्याला आत ओढला होता. १७७९ मध्ये पुन्हा गुरूच्या जवळून गेला, तेव्हापासून कुणाला दिसलेला नाही. हे सगळं कागद-दौतीवर काढलंय, आमच्या वेळचे लॉग टेबल आठवा.

सातपूर सेकंड शिफ्ट
मास्तर, म्हणजे शेवटी हाकलला कुणी? गुरूनंच ना!

निवृत्त मास्तर
आणलाही त्यानंच. तरी तुमची बाजू अगदीच पोकळ नाही. ऊर्टच्या मेघातून, म्हणजे सूर्यमालेच्या पार कडेवरून, फार लांबून येणाऱ्या धूमकेतूंपैकी बरेच गुरू बाहेर भिरकावतो, तिथं त्याची ढाल खरी. पण हॉर्नर आणि जोन्स या दोन खगोलशास्त्रज्ञांनी संगणकावर गुरूचं वस्तुमान कमी-जास्त करून बघितलं. नेपच्यूनकडून आत येणाऱ्यांच्या बाबतीत आजचा गुरू असला काय, नसला काय, पृथ्वीवरच्या टकरींत फारसा फरक पडला नाही. गुरू साधारण शनीएवढा हलका केला तेव्हा मात्र टकरी वाढल्या. आत ओढण्याइतकं बळ आहे, पण पुन्हा बाहेर फेकायला पुरत नाही, असा तो प्रकार.

सातपूर सेकंड शिफ्ट
मग आपला गुरू चांगला जाडजूड आहे हे नशीबच की! मी राखणदारच म्हणणार. शिफ्टला निघालो.

दिंडोरीकर
काका, ते राहू द्या. तक्त्याचं काय केलंत?

गोदाकाठ
भाचीला म्हटलं, 'गिळतो' खोडून 'वळवतो' लिही. म्हणाली, "मामा, बाईंनी लॅमिनेशन केलंय."