टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर २: क्रिस्टल बदलून ६८०९ई पळवता येईल का?

प्रश्न:
कोको २ (कलर कॉम्प्युटर २), ६४ के रॅम, एक्स्टेंडेड बेसिक, एनटीएससी बोर्ड. प्रोसेसर ०.८९ मेगाहर्ट्झवर चालतो, क्रिस्टल १४.३१८१८ चा आहे. तो काढून २० चा लावला आणि ६८०९ई च्या जागी ३ मेगाहर्ट्झचा हिताची ६३सी०९ई बसवला तर वेग वाढेल ना? सोल्डरिंगची अडचण नाही.

उत्तर १:
क्रिस्टलला हात लावू नका. त्याला ४ ने भागून रंगाचा ३.५७९५४५ चा सबकॅरियर (टीव्हीला रंग कळवणारा सिग्नल) निघतो आणि १६ ने भागून प्रोसेसरचं क्लॉक. २० चा लावलात की सबकॅरियर ५ वर जाईल, आडवा सिंकही (चित्राची प्रत्येक ओळ सुरू करणारा इशारा) तेवढाच चढेल आणि टीव्ही चित्र धरणारच नाही.

६३सी०९ई चं म्हणाल तर, नावातला 'ई' म्हणजे क्लॉक बाहेरून घेणारी चिप. ते क्लॉक सॅम (७४एलएस७८३, क्लॉक आणि रॅम सांभाळणारी चिप) देतो. तो देईल तेवढंच प्रोसेसर धावणार, मग तो ३ मेगाहर्ट्झचा असला तरी.

वेग सॅमकडूनच मागायचा, तोही सोल्डरशिवाय, बेसिकच्या पोक (मेमरीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या) आज्ञेने:

पोक ६५४९५,०

परत यायला पोक ६५४९४,०. यात रॉम १.७८ वर चालते, खालची ३२ के रॅम मात्र ०.८९ वरच राहते, कारण रॅमची अर्धी वेळ चित्र आणि रिफ्रेशसाठी (रॅममधला मजकूर टिकवण्यासाठी) राखलेली असते. इंटरप्रिटर रॉममध्ये असल्याने बेसिक प्रोग्रॅमला फरक चांगला जाणवतो, पण दुप्पट नाही. मोजून बघा:

१० टायमर=०:फॉर एक्स=१ टू ५०००:नेक्स्ट:प्रिंट टायमर

टायमर पडद्याच्या ६० हर्ट्झवर मोजतो, तो पोकने बदलत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे सरळ ताडता येतात. ऑसिलोस्कोप असेल तर कार्ट्रिज कनेक्टरच्या ६ नंबर पिनवर ई क्लॉक (प्रोसेसरचं क्लॉक) बघा: १.१२ मायक्रोसेकंदांच्या रुंद आवर्तनांमध्ये ०.५६ ची अरुंद आवर्तनं घुसलेली दिसतील.

उत्तर २:
वर एक राहिलं. पोक दिल्यावर मशीन लटकलं तर रीसेट दाबा, रॉम सुरुवातीलाच सॅमचे सगळे बिट शून्य करते. तरी आलं नाही तर बंद करून १० सेकंद थांबा.

लटकण्याची कारणं ठरलेली. साधा ६८०९ई आणि साधा ६८२१ (कीबोर्ड, आवाज वगैरे जोडणारी इनपुट-आउटपुट चिप) दोन्ही १ मेगाहर्ट्झचे, म्हणजे १.७८ ला नशिबावर. ६८बी०९ई आणि ६८बी२१ (२ मेगाहर्ट्झ) बसवले की हा प्रश्न मिटतो. दोन ६८२१ पैकी कीबोर्डवाला (पत्ता एफएफ००) या मोडमध्येही सावकाशच वाचला जातो. आवाज, टेप आणि ग्राफिक्स मोड सांभाळणारा (एफएफ२०) पूर्ण वेगात सापडतो. टायपिंग ठीक पण पीमोड (ग्राफिक्स मोडची आज्ञा) बदलताना पडदा बिघडतोय, असं दिसलं तर आधी तोच बदला. कार्ट्रिजमध्ये ४५० नॅनोसेकंदांची ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) असेल तर तीही मागे पडेल, २५० किंवा त्याहून जलद घ्या.

टेपला हात लावण्याआधी मात्र ६५४९४ न चुकता. सीसेव्हचे (टेपवर साठवण्याच्या आज्ञेचे) १२००/२४०० हर्ट्झ सॉफ्टवेअर लूपने मोजले जातात, लूप पळाला की सूर चढतो आणि ती टेप नेहमीच्या वेगात वाचली जात नाही. डिस्कचंही तेच: मोटर वेग धरेपर्यंतची वाट रॉममधल्या लूपने पाहिली जाते, ती आखूड होऊन आयओ एरर येतात. प्रिंटरचा बॉडही (डेटा पाठवण्याचा वेग) लूपवरच.

प्रश्नकर्ता:
६५४९७ चं काय? त्यात म्हणे सगळंच १.७८ वर जातं.

उत्तर १:
जातं, पण कोको ३ वर ठीक. कोको २ मध्ये सॅम व्हीडीजीला (चित्र काढणाऱ्या चिपला) रॅम द्यायचंच थांबवतो, पडद्यावर कचरा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे डीरॅमचं रिफ्रेशही बंद. लांब गणित करायचं असेल तर ६५४९७ आणि परतीचा ६५४९६ दोन्ही प्रोग्रॅममध्येच लिहा, मध्ये थोडाच वेळ ठेवा, आणि आधी सेव्ह करा. ६४ के ऑल-रॅम मोडमध्ये ६५४९५ सुद्धा नको, तिथे वरच्या पत्त्यांवर रॉम नसून रॅमच असते.