मदत हवी आहे: धरून नेलेला, पुढे त्याच घरचा झालेला, त्याला मराठीत काय म्हणावं?

शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी एक लेख लिहितेय. विषय मॅसॅच्युसेट्समधलं डिअरफिल्ड. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी मित्रांनी गावावर छापा घातला, ११२ माणसं धरून बर्फातून कॅनडाकडे नेली. त्यात पाद्री जॉन विल्यम्स आणि त्यांची सात वर्षांची युनिस होती. वडील १७०६ मध्ये सुटले. युनिस मात्र मॉन्ट्रियलजवळच्या कानावाकेत मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या घरात वाढली, तिथेच तिचं लग्न झालं. १७१३ मध्ये तिला न्यायला मध्यस्थ गेला, तेव्हा दुभाष्या लागला. इंग्रजी ती विसरली होती! आणि ती परत आली नाही. मोहॉकांत मेलेल्या नातलगाची जागा भरायला अशी माणसं कुटुंबात घेत.

अडलंय ते युनिससाठीच्या शब्दावर. ‘कैदी’ लिहिलं तर तुरुंग दिसतो, ‘ओलीस’मध्ये सौदा येतो. ‘गुलाम’ तर इथे साफ चूक. ‘दत्तक’ वापरून पाहिला, पण त्यात धरून नेल्याची जखमच पुसली जाते, ते मला नको आहे. जुन्या मराठीतला ‘पाडाव’ जवळचा वाटतो, पण तो पकडण्यापाशीच थांबतो. शिवाय आजच्या मुलांना कळायला हवा.

टीप चालणार नाही, शब्द वाक्यातच बसायला हवा; दोन शब्दांची जोडीही चालेल. बखरी, जुनी पत्रं किंवा तुमच्याकडची बोली यांत पकडून नेलेल्या आणि पुढे तिथल्याच झालेल्या बाईमाणसासाठी एखादा शब्द तुम्ही वाचला-ऐकला आहे का?