चित्र पाहून ते काय म्हणाले? : चित्रकार आणि छायाचित्रकारांचे अनुभव

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 साली हाती घेतले आणि पुढे अनेक वर्षे केले. त्यांतील बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत गेले, पुन्हा सगळे रंगवले, आणि त्यातल्याही बऱ्याच चित्रांना लंडनमध्येच आग लागली. हा इतिहास वाचताना मला ग्रिफिथ्सपेक्षा त्या विद्यार्थ्यांविषयी अधिक उत्सुकता वाटते. अंधारात मान वाकडी करून त्यांनी रंगवलेला कॅनव्हास बाहेर उजेडात आणल्यावर जवळच्या गावातल्या एखाद्या गुराख्याने तो पाहून काय म्हटले असेल?

म्हणून चर्चेच्या या धाग्यात कलाकारांना विनंती अशी होती की, कॅमेरा कोणता आणि कागद कोणता हे बाजूला ठेवून एकाच कलाकृतीची हकिकत सांगावी, आणि ते चित्र ज्यांचे होते किंवा ज्यांच्यासाठी होते, त्यांनी ते पाहून काय म्हटले तेही लिहावे. आलेले अनुभव पुढे देत आहे.

वृत्तछायाचित्रकार, सातारा

तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीचे गोल रिंगण मी बरीच वर्षे टिपतो आहे. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी, आणि सगळे ज्याची वाट पाहत असतात तो अश्व शेवटी. आम्ही मंडळी बहुधा अश्वासाठीच जागा धरून बसतो. एका वर्षी मी तुळशीवाल्या बायांवर थांबलो आणि साठी उलटलेल्या एका बाईंचे धावतानाचे छायाचित्र मिळाले. त्यांचा एक हात वृंदावनाला होता, दुसऱ्याने ओचा धरलेला होता आणि दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले होते. त्याला बक्षीस मिळाले, पण बाईंचे नाव माझ्याकडे नव्हते. मागे दिंडीचा फलक तेवढा स्पष्ट दिसत होता, आणि वारीत ‘रथामागे अमुक क्रमांक’ हा पत्ता पोस्टाच्या पत्त्यापेक्षा पक्का असतो. पुढच्या वर्षी मुक्कामावर जाऊन मी त्यांना प्रत दिली. त्यांनी चष्मा लावला, फोटो हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, “अगं बया, तुळस किती सुकलीय ह्यात! पाणी घालायचं ऱ्हायलं व्हय त्या दिवशी?” मग टँकर उशिरा कुठे आला होता, यावर शेजारणींची दहा मिनिटे चर्चा झाली. अधांतरी पायांकडे कोणीही पाहिले नाही.

स्टुडिओ-व्यवसायातील दुसरी पिढी, कोल्हापूर

आमचा स्टुडिओ वडिलांनी सुरू केला आणि मी तो रंगीत फिल्मच्या काळात हाती घेतला, त्यामुळे निगेटिव्हचे रिटचिंग मी केले कमी आणि पाहिले अधिक. खिडकीशी उतरते डेस्क असे, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरशावरून उजेड वर आला की काचेवरची निगेटिव्ह उजळत असे. त्यावर आधी औषधाचा पातळ हात फिरवायचा, नाहीतर शिसे धरत नाही, आणि मग पॉलिश कागदावर घासून सुईसारख्या केलेल्या पेन्सिलीने काम करायचे. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघेसारखी दिसते. ती बारीक ठिपक्यांनी भरली की प्रिंटवरून नाहीशी होते. जे घालवायचे ते उजळ असेल तर मात्र सगळा उलटा प्रकार असतो, कारण ते निगेटिव्हवर काळे उमटलेले असते आणि ब्लेडच्या टोकाने खरवडून पातळ करावे लागते. पेन्सिल पुसता येते, पण खरवडलेले परत येत नाही.

त्या काळी ‘फोटोवरून फोटो’ या कामात गेलेल्या माणसांचे फोटोच अधिक असत. एक बाई लग्नातला ग्रुप फोटो घेऊन आल्या. दुसऱ्या ओळीत उभे असलेले त्यांचे यजमान तेवढे वेगळे काढून भिंतीवर लावण्याएवढे मोठे करून हवे होते. यजमानांच्या काळ्या कोटावर, खांद्याशी, मागच्या कोणाचा तरी हात आला होता. वडिलांनी प्रत काढून दोन संध्याकाळी बसून तो हात बोटाबोटाने खरवडला, कोटाच्या काळ्याशी काळा मिळवला, आणि प्रिंट असा उतरला की तिथे कधी काही होते असे सांगूनही पटले नसते. मला तो मुद्दाम बोलावून दाखवला होता.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “खांद्यावरचा हात कुठं गेला?” वडिलांनी अभिमानाने सांगितले की, काढला. त्यावर त्या म्हणाल्या, “तो आमच्या भावजींचा होता. दोघं एकमेकांशिवाय बाजारालासुद्धा जात नव्हते. आता हे एकटेच दिसायला लागले.”

वडिलांनी पुन्हा प्रत काढली, हात ठेवला, कडेला आलेले बाकीचे सगळे घालवले आणि पैसे घेतले नाहीत. कामाच्या पाकिटावर ‘काय काढायचे’ असा एक रकाना असे. त्या आठवड्यात त्यांनी त्याच्याखाली पेनाने ‘काय ठेवायचे’ असा दुसरा रकाना आखला, आणि पुढच्या छपाईत तो छापूनच आला.

*संयोजक:* पहिल्या निगेटिव्हचे पुढे काय झाले?

*उत्तर:* ती आहे. दोन्ही एकाच पाकिटात आहेत. उजेडापुढे तिरकी धरली की ब्लेडच्या खुणा दिसतात, आणि नीट पाहिले तर त्यांना हाताचाच आकार आहे.

गणेशमूर्तिकार, पेण

माझी हकिकत लहान आहे. डोळ्यांची आखणी मी करतो. मूर्ती घोडीवर माझ्या डोळ्यांच्या रेषेत असते आणि मी उभा असतो. एका वर्षी मूर्ती न्यायला आलेल्या कुटुंबातले चार-पाच वर्षांचे पोर म्हणाले, “हा बाप्पा पप्पांकडेच बघतो.” मी गुडघ्यावर बसून पाहिले, तर पोराचे बरोबर होते. तेव्हापासून बुबुळ भरण्याआधी मी एकदा खाली बसतो.

वारली चित्रकार, डहाणू तालुका

गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात कागदावर आणि कापडावर चित्रे काढायला सुरुवात केली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधी ही चित्रे म्हणजे मुख्यतः लग्नघरातला चौक, म्हणजे देवीसाठीची चौकोनी आकृती, होता. तो गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहीत. आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. धवलेरी, म्हणजे लग्नाचे विधी करणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते आणि मध्यभागी पालघट देवी बसते.

मला एका कार्यालयाच्या दर्शनी भिंतीसाठी सहा फुटांचे काम मिळाले, तेव्हा मी हौसेने पूर्ण चौक घेतला. कापड अंगणात वाळत होते. नात्यातली एक आजी आली, काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “लगीन कोनाचं?” मी सांगितले की, लग्न कोणाचे नाही, हे मुंबईला जायचे आहे. ती म्हणाली, “मग पालघटीला कशाला बोलावलंस?”

ते कापड मी पाठवले, कारण आगाऊ रक्कम घेतली होती. त्यानंतर विकायच्या कामात मी तारपा नाच काढतो, पेरणी काढतो, मळणी काढतो. चौक घेत नाही. इतर चित्रकार घेतात आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. माझ्या अंगणात मात्र आजी उभी राहून गेली आहे.

जलरंगचित्रकार, पुणे

2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही बरेच खाली गेले आणि पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर आले. धरण 1980 च्या सुमारास झाले, तेव्हा भीमाकाठची जी गावे उठली त्यांत माझ्या आत्याचे सासर होते. मी देवळासाठी निघालो होतो. आत्याने “मीही येते” म्हणून पिशवी भरली.

तिकडच्या उन्हात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, म्हणजे फजितीच, कारण ब्रश पुढे जाईपर्यंत मागचा भाग वाळलेला असतो. बरोबर आणलेले पाणी संपल्यावर मी पाण्याचा मग धरणातच बुडवला. ते पाणी वरवर स्वच्छ होते, पण आकाशाचा निळा वॉश वाळल्यावर त्याच्या कडेला गाळाची केसाएवढी तपकिरी रेघ उमटली. घरी आल्यावर ती झाकता आली असती. मी झाकली नाही, आणि या चित्रातली माझ्या मते तेवढीच एक जागा खरी चांगली आहे.

मी रंगवत होतो तेवढ्यात आत्या भेगाळलेल्या गाळातून चालत लांब गेली होती. परत आली तेव्हा चपला हातात होत्या. चित्र पाहून म्हणाली, “देऊळ बेस काढलंस. पण पाणी कशाला दावलंस? आमच्या वक्ताला तिथं पाणी न्हवतं. नदी पार तिकडं होती.” मी म्हटले, “आत्या, आज आहे ना पाणी.” ती म्हणाली, “आज हाय. पर तू देऊळ जुनं काढलंस आन् पाणी नवं.”

मला यावर बोलता आले नाही. चित्रात बदल करायचा तर पाणी काढून टाकावे लागले असते, आणि मग मी न पाहिलेले गाव रंगवावे लागले असते. मी कागद उलटा केला, पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने ती परत माझ्याकडे देऊन सांगायला सुरुवात केली आणि मी चित्राच्या पाठीवर तिचे घर आखत गेलो. पूर्वेला दार, आत शिरताच डावीकडे उखळ, मग चूल, तिच्यामागे भिंतीत देवळी, गोठ्यात दोन दावणी, आणि गोठ्याच्या दारातून सरळ पाहिले की देवळाचे शिखर. एक भिंत मी चुकीच्या बाजूला घेतली, तेव्हा तिने माझा हात धरून थांबवला.

चित्र फ्रेमसाठी दिले, तेव्हा कारागिराने मागून नेहमीसारखा पुठ्ठा ठोकायला घेतला. मागेही काच लावायची, हे त्याला दोनदा सांगावे लागले.