अनुभव धागा: लोकगीतात गिटार आली, मग गाणं कुणाचं राहिलं?

लोकगीताला ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटार जोडली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, वाट लावली. दुसरा म्हणतो, निदान नव्या पोरांच्या कानावर तरी पडलं. हा वाद जुना आहे आणि जगभरचा आहे. २५ जुलै १९६५ ला अमेरिकेत न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमध्ये लोकगायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, श्रोत्यांतून हुर्यो उठली, आणि ती नेमकी कशासाठी होती यावर लोक अजून भांडतायत.

मला स्वतःला वाद्य कुठलं हा प्रश्न लहान वाटतो. गाणं कुणाकडून घेतलं, घेताना त्यातलं काय गळालं, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कुठे लागलं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून वाजवणारे, गाणारे, रेकॉर्ड करणारे आणि मन लावून ऐकणारे अशा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं. मतं थोडी कमी, आणि पाहिलेलं-भोगलेलं जास्त लिहा.

ध्वनिमुद्रक, पुणे

एका बँडनं गोंधळ करायला घेतला होता. मराठवाड्यातून गोंधळी मंडळी आली. संबळ, तुणतुणं, झांज आणि गाणारे काका. बँडचा ट्रॅक आधीच तयार, क्लिकवर बांधलेला, टेम्पो मिनिटाला ११० ठोक्यांवर कुलूपबंद. काकांना हेडफोन देऊन सांगितलं, या टिकटिकीवर गा.

सुरुवात नीट झाली. पण एकेका देवाला ‘गोंधळा ये’ म्हणून बोलवायला लागले की संबळ चढतो. चढणारच, तो चढण्यासाठीच असतो. क्लिक मागे पडली, निर्मात्यानं थांबवलं. पुन्हा तेच, पुन्हा थांबवलं. शेवटी काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, देवी आली की पाय उचलतोच.”

मी बँडला म्हटलं, आधी यांना मोकळं वाजवू द्या, बाकीचं मी बघतो. अख्खा गोंधळ एका दमात घेतला. मग त्यांच्या वाजवण्यावरून टेम्पोचा नकाशा बनवला आणि ड्रमर-बासिस्टनी त्याच्यावर वाजवलं. गाणं ९२ ला सुरू होऊन १३० च्या पुढे जातं. ड्रमरचा घाम निघाला, पण नंतर तोच म्हणाला की इतकं ऐकून आपण आयुष्यात वाजवलेलं नाही.

सुराचंही तसंच. काकांचा षड्ज काळी चारच्या किंचित वर होता आणि तुणतुणं त्यांच्या गळ्याला लावलेलं. गिटारवाल्यानं ट्यूनरकडे बघून ‘बेसूर आहेत’ म्हटलं. आम्ही गिटार चढवून घेतली. गळ्यावर पिच करेक्शन लावून बघा, दोन स्वरांमधून सरकत जाणारी हाक पायऱ्यापायऱ्यांची होते. सगळे स्वर जागेवर असतात आणि हाक मेलेली असते. म्हणून अस्सलपणाबद्दल कुणी विचारलं तर मी वाद्यांची यादी बघत नाही, कुणी कुणाच्या लयीला वाट दिली ते ऐकतो.

गोंधळी घरातला, तुळजापूरजवळून

वरच्या दादांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आम्ही कदमराई, म्हणजे गोंधळ्यांमधली एक पोटशाखा. वडील संबळ वाजवतात, मी झांज आणि मागची साथ, नोकरी सांभाळून.

आमच्या घरात गिटारला कुणाचा विरोध नाही. आजोबांच्या काळी कॅसेट आली, तेव्हाही जुनी माणसं नाराज होतीच. रात्रभर चालणारं आख्यान कॅसेटच्या एका बाजूत बसवायचं म्हणजे कापाकापी आली. आजोबांनी कापलं, पण काय कापायचं ते त्यांनी ठरवलं. एवढाच फरक आहे.

आमचं दुखणं दुसरं. वडिलांना एका कंपनीनं गाण्यासाठी बोलावलं. दिवसाचे पैसे दिले, जेवण दिलं, मान दिला, खोटं कशाला बोलू. गाण्यातली मधली कडवी माझ्या चुलत आजोबांनी रचलेली, हे वडिलांनी तिथे सांगितलंही. गाणं आलं तेव्हा गीत ‘पारंपरिक’, संगीत बँडचं, आणि वडिलांचं नाव कुठेच नाही. वडील म्हणाले, देवीचं आहे, जाऊ दे. मला ते जाऊ देता येत नाही. देवीचं आहे हे खरंच, पण मग बँडचं नाव तरी कसं लागलं?

शिक्षिका, मडगाव

‘पारंपरिक’ या शिक्क्याबद्दल गोव्याचं उदाहरण सांगते. ‘हांव सायबा पलतडीं वेतां’ ही देखणी, म्हणजे गोव्यातलं नाचत म्हणायचं गाणं, तिथे कुठल्याही लग्नात म्हणतात. दामूच्या लग्नाला निघालेल्या कलावंतिणी नावाड्याला पैलतीरी सोड म्हणून विनवतात, अंगावरचे दागिने देऊ करतात आणि तो नको म्हणतो. १९७३ साली ‘बॉबी’मध्ये तिच्यावर बेतलेलं गाणं आलं आणि ती देशभर पोचली. हजारो लोक तिला गोव्याचं लोकगीत म्हणतात. प्रत्यक्षात ती कार्लोस युजेनियो फेरेरा यांची रचना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची.

लोकांच्या तोंडी रुळलं म्हणून कर्ता नाहीसा होत नाही. आणि ही देखणी तरी कुठे ‘शुद्ध’ आहे? बोल कोंकणी, विषय देवळाच्या कलावंतिणींचा, आणि घडणीवर पाश्चात्त्य संगीताचा हात. मुलांना मी हे सगळं सांगते, मग तीच जास्त जीव लावून गातात.

बेंजोवादक, लालबाग

इलेक्ट्रिक झालं की लोकसंगीत बिघडतं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत यावं. बेंजो पार्टी कित्येक वर्षं विजेची तार जोडूनच वाजतेय. कोळीगीत, भीमगीत, शिमग्याची चाल, सिनेमातलं गाणं, सगळं एका दमात. आम्हाला कुणी फोक-रॉक म्हटलं नाही, कारण आम्ही रस्त्यावर वाजवतो.

आणि आमचा बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, मुळात जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं बटणांचं तंतुवाद्य काढलं, त्याचं हे भावंड. चाळीत वाढलेल्या माणसाला त्याच्याइतका आपला आवाज दुसरा वाटत नाही. त्यामुळे परकं वाद्य, आपलं वाद्य या बोलण्याला मी फार किंमत देत नाही. किती पिढ्यांनी त्यावर हात झिजवले ते बघा.

पदवीचा विद्यार्थी, सांगली जिल्हा

हलगीबद्दल लिहायचं आहे. हल्ली बऱ्याच बँडमध्ये हलगी दिसते, व्हिडिओत तर हमखास. वाजते तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. पण माझ्या पणजोबांनी हलगी खाली ठेवली ती ठरवून. गावकीचं काम म्हणून, बोलावतील तेव्हा, देतील त्यावर वाजवायचं, हे बाबासाहेबांच्या चळवळीनंतर आमच्या वस्तीनं बंद केलं. आमच्या घरी ती कला म्हणून नव्हती, वेठ म्हणून होती.

म्हणून ‘अस्सल ग्रामीण बाज’ असं कुणी कौतुकानं म्हणतं तेव्हा मी विचारतो, अस्सल कुणासाठी? आमच्या लोकांनी त्यानंतर जे संगीत उभं केलं ते कव्वालीच्या ढंगाचं होतं. पेटी, ढोलक, बेंजो. वामनदादा कर्डकांची गाणी त्या गायन पार्ट्यांनी गावोगाव नेली. मूळ काय, उसनं काय, याची चिंता तिथे कुणी केली नाही, कारण सांगायचं होतं ते स्वतःचं होतं.

आता मी स्वतः हलगी शिकतोय, एका बँडबरोबर. घरी वडिलांशी बोलून, त्यांचा राग ऐकून घेऊन. मागे एका वातानुकूलित सभागृहात कार्यक्रम होता. आत थोडा वेळ बसलो की कातडं सैल पडतं, आवाज बसतो. शेकायला विस्तव हवा आणि आतमध्ये विस्तवाला परवानगी नाही. आयोजक म्हणाले, प्लॅस्टिकचं पान लावा. आमच्या गिटारिस्टनं अडून बसून मागच्या आवारात शेगडीची सोय करून घेतली आणि दर दोन गाण्यांनी एक निवेदन वाढवलं, मला बाहेर जाऊन शेकून येता यावं म्हणून. त्या दिवशी त्या बँडमध्ये माझी जागा कुठे आहे ते मला कळलं.

कीर्तनकार, आळंदी

रॉकच्या साथीनं अभंग गाणारी मुलं आता बरीच आहेत. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडच्या कार्यक्रमांना तरुण गर्दी करतात आणि शब्द पाठ म्हणतात. मला त्याचा आनंद आहे. ‘मूळ चाल मोडली’ अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी विचारते, कुठली मूळ? ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ची जी चाल घरोघर मूळ मानली जाते ती राम फाटकांची आहे आणि भीमसेनजींच्या गळ्यातून आपल्याला मिळाली. नामदेवांनंतर सहाशे वर्षांनी. वारकऱ्यांच्या फडावरच्या चाली वेगळ्या, आणि दोन फडांच्याही सारख्या नसतात.

माझी हरकत एकाच गोष्टीला आहे आणि ती मी ठामपणे मांडते. गाणं आटोपशीर करण्यासाठी धृपद चार वेळा घोळवतात आणि शेवटचा चरण सोडून देतात. त्या चरणात ‘तुका म्हणे’ असतं, ‘नामयाची जनी’ असते. तिथे संतानं सही केलेली असते. चोखोबांचा ‘ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा’ घ्या, डोंगा म्हणजे वाकडा. ऊस झाला, धनुष्य झालं, नदी झाली, आणि मग येतं ‘चोखा डोंगा परि भाव नोहे डोंगा’. सगळा अभंग त्या ओळीसाठी रचलाय. ती गाळली की उरते उसावरची एक गोड कविता, आणि देवळाबाहेर उभं केलेलं माणूस पुन्हा बाहेरच राहतं.

मी हे एका बँडच्या मुलांना बसवून सांगितलं. त्यांनी गिटारचा मधला तुकडा काढला आणि चरण ठेवला.

मँचेस्टरहून

इथे लोकगीतांच्या क्लबात जाते, पबच्या वरच्या मजल्यावर भरतो. एक रीत मला फार आवडली. गाणारा आधी सांगतो, हे मी अमक्याकडून शिकलो, त्याला तमक्या गावात मिळालं. मगच गातो. कधी कधी ही प्रस्तावना गाण्याहून लांब होते आणि कुणी चुळबूळ करत नाही.

या रीतीमागे इथेही जखमा आहेत. ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं इंग्लिश गाणं. १९४७ मध्ये लोकगीतं गाणारे-जमवणारे युअन मॅकॉल यांना ते उत्तर इंग्लंडच्या टीसडेलमधल्या एका निवृत्त खाणकामगाराकडून मिळालं, त्यांच्याकडून पुस्तकात गेलं, पुस्तकातून इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थींनी उचलून त्याला स्वतःची गिटार बांधली. १९६५ मध्ये लंडनमध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन ते कार्थींकडून शिकला. सायमन अँड गार्फंकलच्या १९६६ च्या अल्बममुळे ते जगभर गेलं आणि त्यावर कार्थींचं नाव नव्हतं. अखेर २००० मध्ये सायमननं लंडनच्या मंचावर त्यांना बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. मधली पस्तीस वर्षं कार्थींची श्रेयाविना गेली. आणि त्या खाणकामगाराचं नाव, मार्क अँडरसन, इथेही फार थोड्यांना ठाऊक आहे.

इंदूर

थोडक्यात लिहितो. ‘इंडियन ओशन’चं ‘मा रेवा’ मी कॉलेजात ऐकलं, २००० सालच्या ‘कंदीसा’ अल्बममधलं. नर्मदाकाठी नातलग असूनही ते भजन मी तोवर लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. बँडचे राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करत होते हे नंतर समजलं, आणि ते गाणं पाहुण्यासारखं का वाटत नाही त्याचा उलगडा झाला. ‘कबीर कॅफे’ या बँडमुळे असाच कबीर गाणारे माळव्यातले लोकगायक प्रल्हादसिंग टिपानिया यांच्यापर्यंत पोचलो. आता घरी टिपानियाच जास्त लागतात. बँड दार उघडून देत असेल तर माझी काही तक्रार नाही.

वकील, मुंबई

तुळजापूरच्या भाऊंसाठी लिहिते. ‘पारंपरिक’ लिहिलं की विषय संपला, असं कायदा मानत नाही.

तुमच्या चुलत आजोबांनी रचलेली कडवी ही त्यांची साहित्यकृती आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, वारसांकडे येतो. वडिलांचा हक्क त्याहून वेगळा. गाणं कितीही जुनं असो, वडील स्टुडिओत गायले म्हणून त्यांना कलाकार या नात्यानं ५० वर्षांचा हक्क मिळतो, आणि नाव लावून घेण्याचाही. २०१२ च्या दुरुस्तीनं हे अधिक पक्कं झालं. त्या दिवशी कागदावर सही घेतली असेल तर त्यात काय लिहिलंय ते आधी बघावं लागेल.

बंगालमधल्या बीरभूमचे लोकगायक रतन काहार तुम्हाला माहीत असतील. त्यांनी १९७२ मध्ये रचलेल्या ‘बडलोकेर बिटी लो’च्या ओळी २०२० मध्ये रॅपर बादशाहच्या ‘गेंदा फूल’मध्ये आल्या, तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. लोकांनी आवाज उठवला, बादशाहनं त्यांना पाच लाख रुपये दिले. २०२४ मध्ये काहारांना पद्मश्री मिळाली.

आता कामाचं. चुलत आजोबांची वही किंवा जुनी कॅसेट घरात असेल तर तिचे फोटो आणि प्रत आजच करून ठेवा, कुणाला मूळ देऊ नका. ही कडवी त्यांनी गायलेली ऐकली आहेत अशी दोन-तीन वयस्क माणसं गाठून त्यांचं म्हणणं मोबाइलवर तारखेसह रेकॉर्ड करा. मग कंपनीला आणि बँडला एकच पत्र लिहा, आणि त्यात पैशांआधी नावाची दुरुस्ती मागा. ऑनलाइन गाण्यांची श्रेयनामावली प्रसिद्ध झाल्यावरही बदलता येते, त्यामुळे ‘आता काही होत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. पत्राचा मसुदा मी करून देईन, फी नको. वडिलांना विचारा आणि कळवा.