स्प्रेडशीटमधलं मराठी स्क्रीन रीडर हिंदीसारखं वाचतो. भाषा नेमकी कुठे सेट करायची?

रकाना_सात:
नमस्कार. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये एक तक्ता आहे. मथळे आणि नोंदी मराठीत, मध्येच काही इंग्रजी शब्द, आकडे इंग्रजी अंकांत. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ऐकताना ‘विज्ञान’चं ‘विग्यान’ होतं, ४९ चं ‘उनचास’. फॉरमॅट सेल्समध्ये नंबर टॅबवर लँग्वेज मराठी केली, तरी काहीच फरक पडला नाही. हीच फाइल एक्सेलमध्ये आणि पीडीएफ म्हणूनही द्यायची आहे. भाषा कुठे लावायची?

ओळख_लिपीची:
नंबर टॅबवरची लँग्वेज फक्त तारीख, चलन आणि आकडे कसे दिसावेत ते ठरवते. तिथे मराठी केलंत तर महिन्याचं नाव ‘जानेवारी’ दिसेल, पण सेलमधला मजकूर मराठी आहे अशी खूण लागत नाही. ती खूण शेजारच्या फाँट टॅबवर असते.

मूळ अडचण अशी की मराठी आणि हिंदीची लिपी एकच. अक्षरं देवनागरी आहेत एवढंच सॉफ्टवेअरला कळतं, पुढचं आपण सांगावं लागतं. न सांगितल्यास बहुतेक वेळा हिंदी धरली जाते.

कॅल्कमध्ये असं करा:

१. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा भाग) खूण करा आणि यादीतून मराठी निवडा. हे फक्त याच फाइलपुरतं हवं असेल तर ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’वरही खूण करा.

२. एफ११ दाबून स्टाइल्स उघडा, ‘डीफॉल्ट’ सेल स्टाइलवर उजवी क्लिक, एडिट, मग फाँट टॅब. वेस्टर्न भागात इंग्रजी राहू द्या, कॉम्प्लेक्स भागात मराठी ठेवा.

मराठी वेस्टर्नच्या यादीत शोधू नका, ती तिथे नसतेच. या दोन भागांचा मोठा फायदा म्हणजे एकाच सेलमध्ये रोमन आणि देवनागरी शब्द असले तरी कॅल्क लिपी बघून रोमनला इंग्रजी आणि देवनागरीला मराठी लावतं. शब्द निवडून निवडून भाषा लावत बसावं लागत नाही. मात्र इंग्रजी शब्द रोमनमध्येच लिहिलेला हवा.

रकाना_सात:
केलं. पण निम्मे सेल अजून हिंदीच दाखवताहेत.

ओळख_लिपीची:
ते सेल दुसरीकडून पेस्ट झालेले असणार. पेस्ट करताना भाषा थेट सेलवर चिकटून येते आणि स्टाइलपेक्षा तिचा मान वरचा. कंट्रोल+एम दाबून सगळं फॉरमॅटिंग उडवू नका. त्यात नंबर फॉरमॅटही जातो आणि तारखांच्या जागी ४५ हजारांच्या घरातले आकडे दिसू लागतात. त्याऐवजी कंट्रोल+ए, कंट्रोल+१, फाँट टॅब, कॉम्प्लेक्स भागात मराठी, ओके. बाकीचं फॉरमॅटिंग जसंच्या तसं राहतं. कंट्रोल+ए एकाच शीटपुरतं चालतं, म्हणून आधी खालच्या टॅबवर कंट्रोल+क्लिक करून सगळ्या शीट निवडा. काम झाल्यावर ती निवड काढायला विसरू नका, नाहीतर पुढे टाइप केलेलं सगळ्या शीटमध्ये उमटेल.

खात्री करायची असेल तर ओडीएस (कॅल्कच्या स्वतःच्या प्रकारातल्या) फाइलची एक प्रत घ्या, तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि आतल्या स्टाइल्स आणि कंटेंट या दोन एक्सएमएल फाइलींत ‘लँग्वेज-कॉम्प्लेक्स’ (language-complex) शोधा. प्रत्येक ठिकाणी ‘एम-आर’ (mr, म्हणजे मराठी) हवं. ‘एच-आय’ (hi) दिसलं की तिथे हिंदी उरली आहे.

सेल_बी_दोन:
एक्सेलबद्दल स्पष्ट सांगतो: तिथे सेलला भाषा लावायची सोयच नाही. वर्डमधला ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ एक्सेलमध्ये मिळणार नाही, आणि एक्सएलएसएक्स या एक्सेलच्या फाइलच्या रचनेतही सेलमधल्या मजकुराच्या भाषेला जागा ठेवलेली नाही. म्हणजे कॅल्कमध्ये केलेली मेहनत एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करताच जाते. मूळ प्रत ओडीएसच ठेवा. एक्सेलच्या ऑप्शन्समधली लँग्वेज म्हणजे मेनू आणि स्पेलिंग तपासणी, तिचा या फाइलच्या मजकुराशी संबंध नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटी चेकरही भाषेबद्दल चकार शब्द काढत नाही, त्यामुळे त्याने ‘सगळं ठीक’ म्हटलं म्हणून थांबू नका. गूगल शीट्समधलं फाइल > सेटिंग्ज > लोकेल हेही तारखा-चलनापुरतंच.

मग एक्सेलची फाइल ज्यांना जाणार त्यांना ऐकण्याच्या बाजूची सोय सांगा. एक्सेल उघडं ठेवून एनव्हीडीए+कंट्रोल+पी, नवीन प्रोफाइल, ‘करंट अ‍ॅप्लिकेशन’. मग त्या प्रोफाइलमध्ये ईस्पीक एनजी या एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या वाचन-यंत्रणेचा मराठी आवाज निवडा. एक्सेलमध्ये गेलं की आवाज आपोआप मराठी होतो, बाहेर पडलं की पूर्ववत. आकड्यांचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण नुसत्या आकड्याला लिपी नसते. त्या क्षणी जो आवाज चालू आहे त्याच्याच भाषेत तो बोलला जातो. मराठी आवाज असला की ४९ ‘एकोणपन्नास’.

कॅल्कमध्येही फाइलमधली खूण स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचेलच असं धरून चालू नका. हाच उपाय तिथेही करून ठेवा.

टॅग_तपासनीस:
पीडीएफ कॅल्कमधूनच काढा: एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ, जनरल टॅबवर ‘टॅग्ड पीडीएफ’ (स्क्रीन रीडरला रचना कळावी म्हणून आत खुणा असलेली पीडीएफ). अ‍ॅक्रोबॅट असेल तर कंट्रोल+डी, अ‍ॅडव्हान्स्ड, लँग्वेज बघा. यादीत मराठी नसेल तर त्या चौकटीत ‘एम-आर’ (mr) हा कोड रोमन अक्षरांत टाइप करा. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा निकष ३.१.१ (संपूर्ण पानाची भाषा, स्तर ए) इथे लागू होतो. मधल्या इंग्रजी भागांसाठी ३.१.२ आहे, स्तर एए. त्यासाठी टॅग्ज पॅनेलमध्ये त्या त्या टॅगच्या प्रॉपर्टीजमध्ये इंग्रजी लावावी लागते.

तक्ता साधा असेल तर तो वेबपानावर एचटीएमएलमध्ये देणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. टेबलला ‘लँग’ गुणधर्मात ‘एम-आर’, इंग्रजी सेलला ‘ई-एन’. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग’ चालू असेल आणि आवाज दोन्ही भाषांचा असेल, तर बदल तिथल्या तिथे ऐकू येतो.

या सगळ्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. जुन्या फाइलींत मजकूर कृती देवसारख्या फाँटमध्ये असतो. सेलमध्ये ‘नाव’ दिसतं, पण आत खरं तर रोमन ‘यू, के, ओ’ ही अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. अशा मजकुराला कोणतीही भाषा लावा, उपयोग शून्य. ओळखायला सोपं आहे: एक्सेलमध्ये सेल निवडून वरच्या फॉर्म्युला बारकडे बघा. तिथे सेलचा फाँट लागत नाही, त्यामुळे खरी अक्षरं उघडी पडतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मग भाषेकडे वळा.