पिकान्या शिगेवर: बाहेरून करपते, आतून चिवट. रोडीझिओसारखी कशी जमेल?

तांबडा_रस्सा:
पिकान्या, म्हणजे गायीच्या पुठ्ठ्यावरचा चरबीचा थर असलेला तुकडा, इथे ऑस्ट्रेलियात 'रम्प कॅप' नावाने मिळते. सव्वा किलोचा तुकडा, लोखंडी शिगा, कोळशाची उघडी शेगडी. चरबी टपकली की जाळ भडकतो आणि वरून काळं होतं, आत कच्चं राहतं. जास्त वेळ ठेवलं तर कोरडं आणि चिवट. ब्राझिलियन शुरास्करियात (भाजलेल्या मांसाच्या खानावळीत) तेच मांस प्रत्येक ताटात खरपूस आणि रसदार कसं येतं? मीठ किती आधी लावायचं? शिवाय जेवायला येणारे दोघे गोमांस खात नाहीत. त्याच विस्तवावर त्यांच्यासाठी काय करता येईल?

निखारा:
तुम्ही अख्खा तुकडा एकदम शिजवायला बघताय, घोळ तिथेच आहे. रोडीझिओत तो कधीच पूर्ण शिजवत नाहीत. बाहेरचा अर्धा सेंटिमीटर भाजला की वाढपी शीग टेबलाशी आणतो, तिचं टोक ताटलीत टेकवतो आणि वरून खाली पातळ काप सोलतो. आतलं लाल मांस उघडं पडलं की शीग परत विस्तवावर, वर पुन्हा थोडं मीठ. पाच-सहा फेऱ्यांत तुकडा संपतो आणि प्रत्येक कापाला एक भाजलेली बाजू मिळते. शावर्मासारखंच, फक्त शीग फिरतीवर निघते. रोडीझिओ म्हणजे आळीपाळी. (आपण 'रोडीझिओ' लिहितो, ब्राझीलमध्ये ऐकू येतं 'होजीझिउ'.)

घरी पहिली फेरी 10 ते 12 मिनिटांची, पुढच्या 4-5 मिनिटांच्या. पाहुण्यांना मात्र सांगून ठेवा की जेवण तासभर चालेल. सगळ्यांना एकदम ताट भरून द्यायचं असेल तर ही पद्धत नको, सरळ जाळीवर स्टेक भाजा.

तुकडा निवडताना वजन बघा. चांगली पिकान्या 1 ते 1.3 किलोची असते. दीड किलोच्या वर गेली तर बहुतेक वेळा रुंद बाजूला मांडीचा शेजारचा कडक स्नायू जोडलेला असतो. ब्राझीलचे खाटीक तिसरी शीर बघतात. मांसाच्या बाजूला तीन शिरांची टोकं दिसतात, तिसरीपलीकडचा भाग पिकान्या नव्हे.

कापताना मांसाच्या धाग्यांच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटर जाड तुकडे करा, चरबी बाहेर ठेवून घोड्याच्या नालासारखे वाकवा आणि शिगेत ओवा.

कोयता:
निखारा, कापण्याच्या दिशेबद्दल असहमत. 'धाग्यांच्या दिशेने कापा' हा सल्ला जाळीवरच्या स्टेकसाठी बरोबर आहे. तिथे स्टेक भाजून झाल्यावर त्याला काटकोनात फोडतात, म्हणून शेवटी धागे आखूड होतात. शिगेवर उलटं. तिथे सुरी तुकड्याच्या कच्च्या कापलेल्या बाजूला समांतर चालते. कच्चा काप धाग्यांच्या दिशेने असेल तर सोललेला प्रत्येक काप लांब धाग्यांचाच निघतो आणि दाताखाली रबरासारखा लागतो. तांबडा_रस्सा यांची चिवट तक्रार मला यातलीच वाटते. सोलायचं असेल तर कच्चे तुकडे धाग्यांना आडवे कापा. धागे या त्रिकोणी तुकड्याच्या कोणत्या बाजूने जातात ते मांसाच्या बाजूने आधी बघून घ्या, चरबीच्या बाजूने दिसत नाही.

मांसाच्या बाजूचा चकाकणारा पांढरा पापुद्रा काढून टाका. चरबीचा थर एक ते दीड सेंटिमीटर ठेवा, त्याहून जाड असेल तर तासा. पूर्ण काढू नका, चव तिच्यातच आहे. अमेरिकेतल्या खाटकाकडे आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो चरबी काढूनच देतो.

निखारा:
मान्य. शिगेसाठी आडवे.

राखुंडी:
आता विस्तव आणि मीठ.

एक किलो मांसाला साधारण एक किलो कोळसा धरा. पेटवायला रॉकेल नको, वास मांसात उतरतो. तेलात भिजवलेला कागदाचा बोळा पुरतो. ज्वाला संपून निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबा, याला 30-40 मिनिटं लागतात. मांसाच्या उंचीवर तळहात धरून चार-पाच सेकंदांत मागे घ्यावा लागला, तर आच योग्य.

तुमचा जाळ भडकतो कारण शीग निखाऱ्यांच्या फार जवळ आहे आणि खाली सगळीकडे निखारे आहेत. ब्राझीलच्या विटांच्या शुरास्केरात (मांस भाजायच्या भट्टीत) मांस आणि निखारे यांत बरंच अंतर असतं. उघड्या शेगडीत विटा लावून शीग 20 सेंटिमीटर तरी वर उचला आणि निखारे एका बाजूला ओढा. चरबीची बाजू आधी आचेकडे, ती सोनेरी झाली की बाजूला सरकवून फिरवत राहा. जाळ उठलाच तर पाणी मारू नका, राख उडून मांसाला चिकटते. शीग उचला आणि ज्वालेवर चमचाभर राख टाका.

मीठ जाडंच हवं. बारीक मीठ लगेच आत शिरून खारट करतं. शीग विस्तवावर चढवण्याच्या पाच मिनिटं आधी सगळीकडे लावा, जास्तीचं सुरीच्या पाठीने झटका. लसूण, मसाला, लिंबू काही नको. दक्षिण ब्राझीलमधले गाउशो (गुराखी) लोक पिकान्याला मीठ सोडून दुसरं काही लावत नाहीत. तशी त्यांच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात खरी शान बरगड्यांची, जमिनीत रोवलेल्या खुंटावर सहा ते बारा तास. हाडाची बाजू आधी आणि जास्त वेळ विस्तवाकडे. पण ते अंगणाचं काम, बाल्कनीचं नाही.

सोलत न वाढता जाळीवर स्टेक भाजत असाल, तर आतलं तापमान 52 ते 54 अंश झालं की काढा. मांस नंतरही दोन-तीन अंश चढतं.

अळूवडी:
गोमांस न खाणाऱ्यांसाठी पुरेसं आहे. कोंबडीची काळजं (हृदयं) ही शुरास्करियातली ठरलेली सुरुवात. वरची चरबी आणि नळ्या कापा, मीठ, लसूण, व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा. एका शिगेवर 15-20, कडक आचेवर 12 मिनिटं. डुकराची ताजी लिंग्विसा (सॉसेज) मंद आचेवर 25-30 मिनिटं. टोचू नका, रस वाहून जातो. गोव्याच्या चोरीसशी गल्लत नको, ती व्हिनेगर-मसाल्याची, ही साधी मीठ-लसणाची. केजू कोआल्यू नावाचं न वितळणारं चीज मिळालं नाही तर हालुमी चालेल. पनीर अळणी पडतं. अननस सोलून अख्खा ओवा, साखर-दालचिनी भुरभुरवा आणि कडा तपकिरी होईपर्यंत फिरवा. तोही सोलूनच वाढतात.

या शिगा गोमांसाच्या खाली किंवा अगदी शेजारी ठेवू नका, चरबी उडते. सुरी आणि ताट वेगळं.

सोबत फारोफा हवाच. ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या भरड पिठाची ही कोरडी परतणी. दोन चमचे लोण्यात अर्धा कांदा, मग वाटीभर पीठ, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. घाई केली तर पीठ कच्चं लागतं.

तांबडा_रस्सा:
आडवे कापायचे, शीग वर उचलायची, थर थर सोलायचं. कळलं. खाटकाकडे 'कुपिं' नावाचा चरबीच्या रेषांचा गोळाही दिसला. तोही असाच शिगेवर?

राखुंडी:
कच्चा शिगेवर लावू नका, चावणार नाही. कुपिं म्हणजे वशिंड. शब्दाचा मूळ अर्थ वाळवी, वारूळ. ब्राझीलमध्ये तो मुख्यतः नेलोर जातीचा मिळतो, आणि ती आपल्या आंध्रच्या ओंगोल बैलांची वंशज, नावसुद्धा नेल्लोरवरून. मीठ लावून फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळा, आचेपासून दूर चार तास. सुरी सहज शिरली की फॉइल काढून कडक आचेवर रंग आणा, मग सोला.